कलादालनाचा उंबरठा

(कलाशिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



घरी कोणी आले की "या, बसा" म्हणावे आणि आधी पाण्याचा तांब्या पुढे करावा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. येणारा ओळखीचा आहे की परका, त्याचे काम काय, हे सारे नंतर विचारले जाते. ही रीत घराघरांत अजून टिकून आहे. सार्वजनिक संस्थांच्या दारात मात्र ती पुष्कळदा विसरली जाते. दवाखाना, कचेरी, ग्रंथालय येथे निदान गरज माणसाला आत ओढून नेते. कलादालनाची गोष्ट वेगळी आहे. तेथे जाण्यावाचून कोणाचे काम अडत नाही. त्यामुळे दारात किंचित जरी परकेपणा वाटला, तरी माणूस मागे फिरतो आणि तो मागे फिरल्याची नोंद कोठेच होत नाही. आजच्या विवेचनाचा विषय आहे तो हा उंबरठा. चित्रे पाहावयास येणाऱ्या सामान्य माणसाला तो किती उंच वाटतो, आणि आपले पहिलेवहिले काम घेऊन येणाऱ्या नवोदित कलावंताला तो किती उंच वाटतो, या दोन्ही बाजूंनी त्याचा विचार व्हावयास हवा.

उघडे दार आणि थबकलेली पावले

मुंबईच्या काळा घोडा भागातील जहांगीर कलादालन १९५२ साली सुरू झाले. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ते उभे राहिले, आणि चित्रकार के. के. हेब्बर व शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा यांचा आग्रह त्यामागे होता. त्यापूर्वी मुंबईसारख्या शहरातही चित्रकाराला आपले काम मांडण्यासाठी सोयीच्या कायम जागा फार थोड्या होत्या. बॉम्बे आर्ट सोसायटीची जागा, एखादे उपाहारगृह, एखाद्या दुकानाचा दर्शनी भाग, अशा ठिकाणी प्रदर्शने भरत. ही उणीव जहांगीरने भरून काढली. तेथे प्रवेशाला शुल्क नाही. दार रस्त्याला लागून आहे. शेजारी वस्तुसंग्रहालय आहे आणि समोरून माणसांचा अखंड ओघ वाहत असतो.

असे असूनही तेथे एक दृश्य पाहावयास मिळते, आणि ते विचार करावयास लावणारे आहे. दालनाबाहेरच्या पदपथावर काही कलावंत आपली चित्रे मांडतात. कचेरीतून परतणारा लिपिक, गावाहून मुंबई पाहावयास आलेले कुटुंब, डबे पोचवून परतणारा कामगार, असे सारे तेथे थांबतात. वाकून चित्र पाहतात, किंमत विचारतात, हसतात, आपसांत बोलतात. पण चार पावलांवरच्या दारातून आत जाण्याचा विचार त्यांतील अनेकांच्या मनाला शिवत नाही. पदपथावर जो माणूस मोकळेपणाने चित्राविषयी बोलतो, तोच दाराशी आला की संकोचतो. आत जाण्यास पैसे पडतात काय? चित्र विकत न घेता नुसते पाहिले तर चालेल काय? पायांतल्या चपला, हातातली पिशवी यांना कोणी हरकत घेईल काय? काही विचारले तर अडाणी ठरू काय? हे प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नाही, आणि म्हणूनच त्यांची उत्तरे दारावर लिहिलेली नसतात.

विनामूल्य प्रवेश पुरेसा का ठरत नाही

प्रवेश विनामूल्य केला की सर्वांसाठी दार उघडले, असा समज प्रशासनात सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. युरोपातील कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकांची पाहणी करून पिअर बूर्दिए आणि आलँ दार्बेल या फ्रेंच अभ्यासकांनी १९६६ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. संग्रहालयात कोण जातो हे तिकिटाच्या किमतीपेक्षा शिक्षण आणि लहानपणापासूनचा सराव यांवर अधिक अवलंबून असते, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष होता. त्यांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसून आली. ज्यांचे शालेय शिक्षण कमी झाले होते, अशा प्रेक्षकांना दिशादर्शक बाण, माहितीचे फलक आणि समजावून सांगणारा माणूस यांची गरज विशेष वाटत होती. ज्यांना चित्रे पाहण्याचा सराव होता, त्यांना अशा मदतीची निकड भासत नव्हती.

या निष्कर्षाचा अर्थ आपल्या परिस्थितीत सहज ध्यानात येतो. ज्याच्या घरी चित्रांविषयी बोलणे होते, ज्याने लहानपणी आईवडिलांच्या बोटाला धरून संग्रहालय पाहिले, त्याला फलक नसला तरी चालते. तो आपला रस्ता शोधतो. ज्याला कोणी बोटाला धरून नेले नाही, त्याच्यापुढे कोऱ्या भिंतीवर टांगलेले, नाव नसलेले, अर्थाचा धागा नसलेले चित्र येते. चित्र समजले नाही, याचा दोष तो स्वतःच्या माथी मारतो आणि "हे आपल्यासाठी नाही" असे म्हणून बाहेर पडतो. पुन्हा तो येत नाही, आणि आपल्या मुलांनाही आणीत नाही. फलक न लावण्याची काटकसर अशी एका पिढीवरून दुसऱ्या पिढीवर जाते.

महाराष्ट्राच्या बाबतीत ही हानी अधिक बोचते. कला संचालनालयामार्फत घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना राज्यातील लाखो विद्यार्थी बसतात. खेड्यापाड्यांतील मुले रंगपेटी घेऊन तालुक्याच्या केंद्रावर येतात. स्थिरचित्र काढतात, संकल्पचित्र रंगवितात. त्यांच्यापैकी किती जणांनी एखादे मूळ चित्र, त्यावरील रंगाचा थर आणि कुंचल्याचा फटकारा दिसेल इतक्या जवळून पाहिले असेल? गायन शिकणाऱ्या मुलाने गाणे कधी ऐकलेच नाही, असे सहसा घडत नाही. चित्र शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र तसे घडत राहते, आणि त्याचे नवल कोणाला वाटत नाही.

शिस्त आणि धाक

एखाद्या तालुक्याच्या गावाहून चाळीस मुले घेऊन एक शिक्षक शहरातील दालनात जातात, अशी कल्पना करावी. मुले पहाटे उठून एस.टी.ने आलेली असतात. दारात पहिले वाक्य ऐकू येते, "हात लावू नका." दुसरे, "आवाज करू नका." तिसरे, "लवकर आटपा." यांतील पहिली दोन वाक्ये आवश्यक आहेत. मूळ चित्राला घामेजलेल्या बोटाचा डाग लागला तर तो सहजी निघत नाही, आणि त्याची झळ उद्याच्या प्रेक्षकाला बसते. प्रश्न ती वाक्ये कोणत्या क्रमाने आणि कोणत्या स्वरात उच्चारली जातात, हा आहे. "या मुलांनो, कोठून आलात?" असे विचारून मग "हे चित्र शंभर वर्षांचे आहे, म्हणून त्याला हात लावायचा नाही" असे सांगितले, तर तीच मुले एकमेकांचे हात आवरतात. कारण सांगितले म्हणजे शिस्त निर्माण होते. कारण न सांगता दटावले म्हणजे केवळ धाक निर्माण होतो, आणि धाकाने आलेला प्रेक्षक दाराबाहेर पडेपर्यंतच प्रेक्षक राहतो.

म्हणून दालनाचा खरा यजमान कोण, असे विचारले तर त्याचे उत्तर दारावरील रखवालदार असेच द्यावे लागेल. उद्घाटनाला येणारे प्रमुख पाहुणे एक दिवस येतात. संचालक आपल्या कक्षात असतात. आठवडाभर येणाऱ्या प्रत्येक माणसाला भेटणारा माणूस एकच, आणि त्याच्याच प्रशिक्षणाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. प्रदर्शन मांडले की सुरुवातीलाच कलावंताने वा संयोजकाने रखवालदाराला आणि सफाई कामगारांना बरोबर घेऊन अर्धा तास चित्रे दाखवावीत. कोणते चित्र कशाचे आहे, प्रेक्षक काय विचारतील, हे त्यांना सांगावे. त्याला खर्च काहीच येत नाही, आणि दारावरच्या माणसाला सांगण्यासारखे काही मिळाले, की त्याच्या बोलण्यातला दरारा आपोआप कमी होतो.

उरलेल्या गोष्टीही साध्याच आहेत. प्रवेश विनामूल्य असल्यास तसे दारावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावे. प्रत्येक कामाशेजारी कलावंताचे नाव, चित्राचे नाव, माध्यम आणि वर्ष वाचता येईल अशा अक्षरांत द्यावे, आणि निदान काही चित्रांखाली दोन-चार ओळींची सोपी माहिती असावी. बसण्यासाठी बाके असावीत, कारण वृद्ध माणसे उभ्याने अर्धा तास चित्रे पाहू शकत नाहीत. प्यावयास पाणी आणि स्वच्छतागृह असावे. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या प्रेक्षकासाठी उतार असावा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम्य करणे हे कर्तव्यच ठरविले आहे. अभिप्रायाची वही दाराशी केवळ ठेवून भागत नाही. आठवड्याच्या शेवटी ती कोणीतरी वाचावी आणि तिच्यातील तक्रारीवर काय केले, हे पुढच्या पानावर लिहावे.

नवोदिताचे पहिले पाऊल

प्रेक्षकाच्या संकोचापेक्षा नवोदित कलावंताचा संकोच अधिक खोल असतो, कारण त्याने दालनात आपले सर्वस्व आणलेले असते. महाराष्ट्राच्या कलेचा इतिहास पाहिला, तर अनेक मोठ्या कलावंतांच्या वाटचालीत कोणीतरी वेळेवर उघडलेले एक दार आढळते.

बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ साली झाली. प्रारंभी तिच्यावर युरोपीय मंडळींचा मोठा प्रभाव होता. तरीही तिच्या वार्षिक प्रदर्शनाचे दार येथील विद्यार्थ्यांना खुले राहिले. कोल्हापूरहून सर ज. जी. कलाशाळेत शिकावयास आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी १८९५ साली तेथे सुवर्णपदक मिळविले. पुढे त्याच कलाशाळेत त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. स्पर्धेचे नियम आधी जाहीर असणे आणि परीक्षकांसमोर चित्र ठेवण्याची संधी सर्वांना मिळणे, या दोन गोष्टींचे महत्त्व या उदाहरणातून स्पष्ट होते.

कृष्णाजी हौलाजी आरा यांची कथा याहून वेगळी आहे. हैदराबादजवळच्या बोलारम येथे जन्मलेला हा मुलगा लहानपणीच मुंबईत आला. घरकाम केले, मोटारी धुतल्या. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. रुडॉल्फ फॉन लायडन यांच्यासारख्या समीक्षकाने त्यांच्या चित्रांतील गुण ओळखले. त्यांचे पहिले एकल प्रदर्शन चेतना या मुंबईतील उपाहारगृहात भरले. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापक सदस्यांत ते होते. पुढे नाव झाल्यावर आरांनी आर्टिस्ट्स सेंटरच्या कामात स्वतःला वाहून घेतले आणि नव्या मुलांना हात दिला. ज्याच्यासाठी दार उघडले गेले, त्याने पुढे इतरांसाठी ते उघडे धरले.

याच काळात केकू गांधी यांचे चित्रांच्या चौकटींचे दुकान मुंबईतील प्रिन्सेस स्ट्रीटवर होते. त्यांनी तरुण चित्रकारांची चित्रे दुकानाच्या दर्शनी भागात लावण्यास सुरुवात केली. चौकट घेण्यास आलेले गिऱ्हाईक चित्र पाहू लागले. या लहानशा प्रारंभातून पुढे १९६३ साली जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उभी राहिली. मोठी वास्तू नसली, तरी भिंत आणि इच्छा असली म्हणजे दालन सुरू होते, हा याचा धडा आहे.

वारली चित्रकलेचे उदाहरण तर ग्रामीण भागाशी थेट निगडित आहे. लग्नप्रसंगी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम परंपरेने सवाशिणींकडे असे. १९७० नंतरच्या काळात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू परिसरात जाऊन ही कला कागदावर उतरविण्यास उत्तेजन दिले. जिव्या सोमा मशे यांचे काम त्यातून पुढे आले, मुंबईच्या दालनात प्रदर्शित झाले आणि जगभर गेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. येथे दालन कलावंताची वाट पाहत बसले नाही. एक जाणता माणूस पाड्यापर्यंत चालत गेला. मात्र याच उदाहरणाची दुसरी बाजूही सांगावयास हवी. ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या हे चौक लिहिले, त्यांची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत. म्हणून आज एखाद्या जिल्ह्यात लोककलेचे प्रदर्शन भरविताना "वारली चित्र" किंवा "आदिवासी कला" एवढेच लिहून थांबू नये. ज्या हाताने चित्र काढले, त्या स्त्रीचे वा पुरुषाचे नाव आणि गाव फलकावर यावे. कलावंताच्या स्वागताची सुरुवात त्याचे नाव लिहिण्यापासून होते.

वाट पाहणारा कलावंत

आज नवोदितापुढील अडचणी कोणत्या आहेत? पहिली अडचण वेळेची. नामांकित दालनांत तारीख मिळण्यासाठी काही वर्षे थांबावे लागते. जहांगीरसारख्या ठिकाणी एका प्रदर्शनाला साधारण आठवडा मिळतो आणि मागणी फार मोठी आहे. मागणी मोठी असणे हा दालनाचा दोष नाही. पण पंचविशीत अर्ज केलेल्या कलावंताने तिशीला आलेली तारीख पकडेपर्यंत पोटापाण्यासाठी दुसरा मार्ग धरलेला असतो. दुसरी अडचण खर्चाची. भाडे, चौकटी, वाहतूक, निमंत्रणपत्रिका, मुंबई-पुण्यातील मुक्काम, हा सारा भार जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणाऱ्यावर अधिक पडतो. तिसरी अडचण माहितीची. अर्ज कोणाकडे करावा, सोबत किती चित्रांच्या प्रती जोडाव्यात, निवड कोण करते, विक्री झाल्यास किती टक्के दालनाकडे जातात, हे लेखी स्वरूपात मराठीत मिळाले, तर निम्मे हेलपाटे वाचतील. चौथी अडचण मौनाची. अर्ज नाकारल्यास कारण कळत नाही. नकार कोणालाही पचविता येतो, पण कारण न कळालेला नकार माणसाच्या मनात संशय पेरतो. आपले गाव लहान म्हणून, आपली ओळख नाही म्हणून, असे त्याला वाटू लागते. निवड समितीने दोन ओळींचे कारण कळविले आणि पुन्हा कधी अर्ज करता येईल हे सांगितले, तर तोच तरुण अधिक तयारीने परत येईल.

शासनाचे महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यात विद्यार्थ्यांचा आणि कलावंतांचा असे स्वतंत्र विभाग असतात, आणि म्हणून शिकणाऱ्याला प्रस्थापितांशी झुंजावे लागत नाही. या प्रदर्शनाची माहिती प्रत्येक तालुक्यातील कलाशिक्षकाच्या हाती वेळेवर पडेल, अशी व्यवस्था करणे हे जिल्ह्यातील अधिकाऱ्यांना सहज शक्य आहे.

जेथे माणसे, तेथे चित्रे

प्रेक्षक दालनाकडे येत नसेल, तर दालनाने प्रेक्षकांच्या वाटेवर उभे राहावे, हे तत्त्व महाराष्ट्रात पूर्वीच अमलात आलेले आहे. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तेथील संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली श्री भवानी संग्रहालयाची इमारत बांधली, ती मूळपीठाच्या डोंगराच्या उतारावर. त्याच डोंगरावर यमाई देवीचे मंदिर आहे. देवीच्या दर्शनाला निघालेल्या शेतकऱ्याच्या वाटेवरच राजा रविवर्मा यांच्यासारख्या चित्रकारांची कामे आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराचे माता व बालक यांचे शिल्प उभे आहे. ज्या काळात मोठमोठ्या शहरांनाही कलादालन नव्हते, त्या काळात एका डोंगरी गावात हे घडले.

पंचायत सदस्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. याच भवानरावांनी १९३९ साली आपल्या संस्थानात ग्रामपंचायतींवर आधारलेले स्वराज्याचे संविधान अमलात आणले आणि महात्मा गांधींचा सल्ला त्यासाठी घेतला. गावकऱ्यांच्या हाती कारभार सोपवावा आणि त्यांच्या डोळ्यांसमोर उत्तम चित्रे ठेवावीत, ही दोन्ही कामे एकाच माणसाने जवळजवळ एकाच वेळी केली. सामान्य माणसाच्या कुवतीवर विश्वास असल्याखेरीज यांतील कोणतेच काम होत नाही.

पुण्यात १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर बांधताना त्याच वास्तूत कलादालनालाही जागा ठेवण्यात आली. नाटकाला आलेला प्रेक्षक तिसऱ्या घंटेपूर्वी चित्रेही पाहू शकेल, अशी सोय त्यामुळे झाली. मुंबईत भायखळ्याचे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. ते राणीच्या बागेला लागूनच असल्याने वाघ-हत्ती पाहावयास आलेली कुटुंबे त्याच फेरीत आत शिरतात. कोल्हापुरात चित्रपट अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी आपले राहते घर व चित्रे शासनाच्या स्वाधीन केली. तेथे प्रेक्षक एका कलावंताच्या घरातच पाऊल टाकतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने तर २०१५ साली फिरते संग्रहालय सुरू केले. एका बसगाडीत मांडलेले प्रदर्शन शाळांच्या अंगणात जाऊन उभे राहू लागले. देऊळ, नाट्यगृह, बाग, घर आणि शाळेचे अंगण, ही सारी ठिकाणे लोकांच्या पायाखालची आहेत. तेथे जाण्याचा संकोच कोणाला वाटत नाही.

तालुक्यात काय करता येईल

हे सारे मोठ्या संस्थांचे काम आहे, ग्रामपंचायतीचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न विचारला जाईल. संबंध घटनात्मक आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येतील असे एकोणतीस विषय आहेत. शिक्षण, ग्रंथालये, सांस्कृतिक कार्य, बाजार आणि जत्रा हे विषय त्या यादीत आहेत. रस्ते आणि पाणी यांना अग्रक्रम असणे स्वाभाविक आहे. पण सांस्कृतिक कार्य म्हणजे वर्षातून एकदा ध्वनिक्षेपक लावणे एवढाच अर्थ उरू देऊ नये.

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि गावोगावी शासनमान्य ग्रंथालये आहेत. त्यांतील एखादी भिंत चित्रांसाठी राखून ठेवावी. पांढरा चुना, वर एक आडवी पट्टी, चार खिळे, दोन दिवे आणि थेट ऊन व ओल येणार नाही याची काळजी, एवढ्यावर भागते. तालुक्यातील कलाशिक्षकांनी मिळून वर्षभराचे वेळापत्रक करावे. एक महिना विद्यार्थ्यांची चित्रे, एक महिना गावच्या कुंभाराची, सुताराची वा गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांची कामे, एक महिना जिल्ह्यातील तरुण चित्रकाराची. तरुणाला भाडे पडू नये आणि त्याने एक संध्याकाळ गावकऱ्यांशी बोलावे. मुंबईतील तारखेची वाट पाहण्याच्या काळात त्याला येथे प्रेक्षक मिळेल, आणि आपले चित्र दहा अनोळखी माणसांना कसे दिसते, हे त्याला कळेल. कोणत्याही कलाशाळेत न मिळणारे हे शिक्षण आहे.

स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिन या दिवशी सारा गाव शाळेत जमतो. त्या दिवशी वर्गखोल्यांत मुलांची चित्रे नावासह लावावीत आणि मुलांनीच पाहुण्यांना ती समजावून द्यावीत. जागतिक संग्रहालय दिन १८ मे रोजी असतो. आपल्याकडे तेव्हा शाळांना सुट्टी असते, म्हणून सहलीसाठी दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत. सहलीपूर्वी शिक्षकांनी दालनाला पत्र पाठवावे. किती मुले येणार, कोणत्या वर्गाची, हे कळविले तर दालनालाही तयारी करता येते. आणि एकाच फेरीत पन्नास चित्रे पळत पाहण्यापेक्षा पाच चित्रांसमोर बसून पाहावीत. "यात काय दिसते?" हा प्रश्न आधी मुलांना विचारावा, आणि चित्रकाराचे नाव व वर्ष त्यानंतर सांगावे. ज्याने आपल्या डोळ्यांनी काही शोधले, तो मुलगा पुन्हा येण्याचा हट्ट धरतो.

यावर एक आक्षेप येतो तो असा, की फार माणसे आली तर कलेचे गांभीर्य उणावेल. यमाईच्या डोंगरावरील चित्रांचे मोल यात्रेकरूंच्या नजरेने उणावलेले नाही. कलेचे गांभीर्य रिकाम्या दालनात राखले जात नाही. चित्रांपुढे आज जो थोडा वेळ उभा राहतो, तोच उद्या ती जतन करण्यासाठी होणाऱ्या खर्चाला ग्रामसभेत आणि नगरपालिकेत पाठिंबा देतो. ज्या संस्थेत लोक कधी गेलेच नाहीत, तिचे छप्पर गळू लागले तरी त्यांना त्याचे दुःख होत नाही.

तेव्हा येथून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या कार्यक्षेत्रातील एका दाराशी जाऊन उभे राहावे. ते दार कलादालनाचे असेल, ग्रंथालयाचे असेल, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गाचे असेल. प्रथमच आलेल्या माणसाच्या नजरेने त्याकडे पाहावे. प्रवेश कसा, वेळ कोणती, चित्र मांडावयाचे झाल्यास कोणाला भेटावे, हे दारावर लिहिलेले आहे काय? बसावयास बाक आहे काय? पाणी आहे काय? आणि आत आलेल्याला "या" म्हणणारे कोणी आहे काय? यांतील जे नसेल, ते येत्या महिन्याभरात करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.